दाराबाहेरचे आप्त

या मालेत आम्ही एरवी दर्शनांच्या इतिहासावर बोलतो. आजचा विषय कळल्यावर काही श्रोत्यांनी निरोप पाठवले, की सर, डॉक्टरांवर होणारे हल्ले हा विषय वकिलांचा, पोलिसांचा, फार तर समाजशास्त्राचा. तो तुमच्याकडे कसा आला? प्रश्न रास्त आहे. तेव्हा तो आमच्याकडे कसा आला हे आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

अकरा वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आधी न्यूमोनिया, मग मूत्रपिंडं थकली, मग व्हेंटिलेटर. बाहेर लोखंडी बाकांवर आम्ही घरची सहा-सात माणसं. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, एकानेच आत जायचं. बाकीचा सगळा वेळ समोर ते दुधी काचेचं दार. दार उघडलं, की आम्ही सगळे एकदम उभे राहायचो. बहुतेक वेळा हातात औषधांची चिठ्ठी पडायची, नाहीतर बिलाच्या खिडकीवर जाऊन या, असं सांगितलं जायचं. दहाव्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर मुलगी बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाली, "काका, आम्ही खूप प्रयत्न केले. पेशंट गेले."

आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तिला म्हणालो, "तुम्ही मारलंत त्यांना."

त्या वाक्यासरशी आमच्या पुतण्याचा हात उठला. तो तिच्यापर्यंत पोचला नाही, कारण मध्ये एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. लादी पुसणाऱ्या, रात्रपाळीच्या. फटका त्यांच्या खांद्यावर बसला. पुढे काही झालं नाही. पोलीस आले नाहीत, वर्तमानपत्रात काही छापून आलं नाही. पण ते वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. दादांना कोणी मारलं होतं असा एकही पुरावा आमच्याजवळ नव्हता. मग ते वाक्य आलं कुठून? आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचा पाठपुरावा आहे, असं समजा.

आपल्याकडे एक समजूत आहे, की पूर्वी डॉक्टर देव होता आणि हे हल्ले आताचे, बिघडलेल्या काळाचे. इतिहास तसं सांगत नाही. आपण सव्वाशे वर्षं मागे जाऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला. तो रोग प्लेगच आहे हे ओळखणारे डॉ. व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. ऑक्टोबरात महापालिकेने अधिकार घेतला, की संशयित रोग्याला घरच्यांची संमती नसली तरी उचलून रुग्णालयात न्यायचं. नेलं जायचं आर्थर रोडच्या रुग्णालयात, ज्याला आज आपण कस्तुरबा म्हणतो. रोगी आत, नातेवाईक बाहेर. बहुतेक रोगी इतके उशिरा आणि इतके खंगून पोचायचे, की थोड्या दिवसांत वारायचे. बाहेरच्यांनी काय पाहिलं? चालता-बोलता माणूस गाडीत घातला आणि प्रेत परत आलं. मधलं काहीच त्यांनी पाहिलं नाही.

मधली ती रिकामी जागा अफवेने भरली. आत माणसांना मारतात, काळजं काढून घेतात, राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासलं त्याचा हा सूड आहे, असल्या गोष्टी गिरणगावात फिरू लागल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. मोडतोड झाली, आतल्या माणसांना मार बसला. आमच्या त्या पहाटेच्या वाक्यात आणि त्या जमावाच्या ओरडण्यात शब्दांचा फारसा फरक नसेल, असं आम्हाला वाटतं.

सरकारने यातून काय धडा घेतला? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. चार कलमांचा छोटासा कायदा. साथ रोखण्यासाठी सरकारला हवे ते नियम करता येतील, ते मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि चौथं कलम असं, की या कायद्याखाली सद्भावनेने काही केलं तर त्याबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. म्हणजे दाराच्या आतल्या माणसाला संरक्षण मिळालं. बाहेरच्याला आत काय चाललंय ते कळावं, यासाठी कायद्यात काहीच नव्हतं. पुण्यात याच कायद्याच्या जोरावर गोऱ्या सोजिरांनी घरं तपासली, देवघरात आणि माजघरात शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. तो इतिहास आपल्याला पाठ आहे. त्याच्या खोलात शिरत नाही.

पण त्याच पुण्याजवळ, त्याच महिन्यांत, दुसरी एक गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी आणत होत्या. मुंढव्याजवळच्या एका दलित कुटुंबातल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सावित्रीबाईंची थोरवी सांगण्यासाठी हे इथे काढलं नाही. ती तुम्हाला ठाऊक आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. रोग तोच, औषध दोन्हीकडे जवळजवळ नाहीच, मरण दोन्हीकडे. पण इथे रोग्याला आत नेणारी बाई लोकांच्या ओळखीची होती. एकीकडे ओढून नेलं जात होतं, दुसरीकडे पाठीवर घेतलं जात होतं.

हे सरकारलाही हळूहळू उमगलं. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली. त्यानंतरच्या काळात सक्ती बरीच सैल झाली. निरनिराळ्या जातिजमातींना आपापली प्लेगची रुग्णालयं चालवू दिली गेली, नातेवाइकांना रोग्याजवळ थांबता येऊ लागलं, वैद्य-हकिमांनाही मज्जाव राहिला नाही. जातवार रुग्णालयं ही काही आदर्श गोष्ट नव्हे, हे उघड आहे. पण लक्षात काय घ्यायचं? शिपाई वाढवून जे साधलं नाही, ते घरच्यांना आत घेतल्यावर बरंचसं साधलं. तो धडा तेव्हा शिकला गेला आणि पुढे विसरला गेला.

आता अर्धशतक पुढे येऊ. अतिदक्षता विभाग नावाची गोष्ट जन्मली कशी? १९५२ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडॅम नावाच्या रुग्णालयात येऊ लागली. अशा शंभर रोग्यांतले ऐंशीहून अधिक दगावत होते. तिथे ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं, की श्वासनलिकेला छेद देऊन नळी घालू आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलू. बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला आणि ती वाचली. पण यंत्र नव्हतं. मग पिशवी दाबायला माणसं हवीत. वैद्यकीचे विद्यार्थी बोलावले. असे सुमारे दीड हजार विद्यार्थी, पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे रोग्यांच्या उशाशी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेनने कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात असा कायमचा विभाग उघडला. जगातला पहिला आयसीयू म्हणून त्याचं नाव घेतात.

म्हणजे बघा, आयसीयूची सुरुवात झाली ती यंत्राने नव्हे, तर उशाशी बसलेल्या माणसाने. विसाव्या वर्षातला एक मुलगा, हातात पिशवी, समोर श्वास घेणारं पोर. पुढे पिशवीची जागा व्हेंटिलेटरने घेतली. ते योग्यच झालं, यंत्र थकत नाही. मॉनिटर आले, सलाईनचे पंप आले, डायलिसिस आलं. जंतुसंसर्ग नको म्हणून चपला बाहेर आणि नातेवाईकही बाहेर. त्यालाही वैद्यकीय कारण आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण या सगळ्यात मरणाची एक जुनी रीत नाहीशी झाली, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

जुनी रीत कोणती? आमच्या आजी गेल्या तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. माजघरात त्यांचं अंथरूण होतं. तीन दिवस घरघर चालली होती. कोणीतरी सतत उशाशी. तोंडात गंगेचं पाणी, तुळशीचं पान. श्वास लांबला, थांबला, पुन्हा आला, मग आला नाही. वैद्य येऊन नाडी बघून गेले, पण त्यांनी सांगण्याआधीच आम्हा मुलांनासुद्धा कळलं होतं. ते मरण आम्ही पाहिलं होतं. दादांचं मरण आम्हाला सांगितलं गेलं.

इथे आमचं शास्त्र उपयोगी पडतं, म्हणून थोडं शास्त्रात शिरतो. न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, चार मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जे स्वतः पाहिलं ते प्रत्यक्ष. दुसऱ्याने सांगितलं आणि त्यावरून जे कळलं ते शब्द. आता कोणाच्याही सांगण्याला प्रमाण मानायचं का? नाही. सांगणारा 'आप्त' हवा. आप्त म्हणजे कोण? भाष्यकार वात्स्यायन यांचा आशय असा, की ज्याला ती गोष्ट साक्षात माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो. जात, वय, पदवी यांचा संबंध नाही. दोनच अटी : जाणणं आणि खरं सांगण्याची इच्छा.

आणि आपल्या मराठीत आप्त म्हणजे कोण? नातेवाईक! आप्तेष्ट, आप्तस्वकीय. एकच शब्द. रुग्णालयाच्या बाहेर बसलेलेही आप्त, आणि ज्याच्या शब्दावर भिस्त ठेवायची तोही आप्त. आम्ही चाळीस वर्षं हे सूत्र शिकवलं आणि त्या बाकावर बसेपर्यंत हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. अतिदक्षता विभागातली गाठ इथेच बसते. ज्यांचं माणूस आहे त्यांना काही दिसत नाही. ज्याला दिसतं तो त्यांच्यासाठी परका आहे. आणि त्या परक्याने दार उघडून बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं, आणि यांनी ते खरं मानायचं.

बरं, पाच मिनिटं आत जाऊन जे दिसतं तेही फसवं. व्हेंटिलेटरवर माणसाची छाती वर-खाली होते, अंग गरम लागतं, मॉनिटरवर रेघ नाचते. मेंदू पूर्ण निकामी झाला तरी हे काही काळ चालू राहतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदू-स्तंभाचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य केला. पण डोळे काय म्हणतात? श्वास चालू आहे. म्हणजे प्रत्यक्ष सांगतं जिवंत, शब्द सांगतो मृत. अशा वेळी सामान्य माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि शब्दावर संशय घेतो. त्या संशयात पैशाची भर पडली, की "मेलेल्याला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात" हे वाक्य तयार होतं. २०१५ च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात, 'गब्बर इज बॅक'मध्ये, नेमकं हेच दृश्य आहे. मेलेल्या माणसावर उपचार चालू ठेवणारे डॉक्टर पाहून चित्रपटगृहांत टाळ्या-शिट्ट्या झाल्या. १८९६ मध्ये काळीज काढतात म्हणत होते, आता बिल काढतात म्हणतात. अफवेचा सांगाडा तोच राहिला.

इथे डॉक्टर मित्रांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. संशयाला काही आधारच नाही, असं त्यांनी म्हणू नये. बेसुमार बिलं होतात, नको त्या तपासण्या होतात, डिपॉझिटसाठी अडवलं जातं, हे लोक अनुभवाने बोलतात. ग्राहक म्हणून दाद मागायचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता यांच्या प्रकरणात मोकळा केला. पुढे २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात त्याच न्यायालयाने डॉक्टरांवर उठसूट फौजदारी गुन्हे लागू नयेत म्हणून मर्यादा घातल्या, आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावं असं सांगितलं. दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्य. पण दाराशी त्याचा परिणाम काय झाला? डॉक्टर जपून बोलू लागला. तो बोलण्याऐवजी सही घेऊ लागला. "काहीही होऊ शकतं, आम्ही जबाबदार नाही" असा मजकूर असलेल्या कागदावर आम्ही नऊ दिवसांत किती सह्या केल्या, त्याची मोजदाद नाही. वात्स्यायनांची दुसरी अट, खरं सांगण्याची इच्छा, ती त्या कागदात शोधूनही सापडायची नाही.

आता हात कोणावर उठतो ते पाहू. मार्च २०१७, धुळे. डोक्याला मार लागलेला अपघाताचा रुग्ण शासकीय रुग्णालयात आणला. तिथे मेंदूचा शल्यविशारद नव्हता. दुसरीकडे न्यावं लागेल, असं सांगितलं गेलं. ज्याने सांगितलं तो हाडांच्या विभागातला निवासी डॉक्टर, शिकणारा मुलगा. जमावाने त्याला इतकं मारलं, की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. मंडळी, मेंदूचा शल्यविशारद न नेमणं हा त्या मुलाचा अपराध होता का? ज्यांनी तो नेमायला हवा होता, ते तिथे नव्हते. हाताच्या अंतरावर होता तो हा. पाठोपाठ मुंबईत सायनच्या रुग्णालयातही हल्ला झाला, राज्यभर हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं आणि सरकारने रुग्णालयांसाठी सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं. त्या दिवसांत ज्यांच्या शस्त्रक्रिया खोळंबल्या, त्या गरीब रोग्यांनी कोणाला मारलं होतं? दोन्हीकडची किंमत दुसऱ्याच कोणीतरी भरली.

आणि लक्षात घ्या, हे घडलं तेव्हा कायदा होता. महाराष्ट्राने २०१० मध्येच डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला होता. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा, मोडलेल्या साहित्याची दुप्पट भरपाई. तरी २०१७ झालं. जून २०१९ मध्ये कोलकात्यात एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूनंतर दोन तरुण डॉक्टरांना बेदम मारलं, एकाच्या कवटीला तडा गेला, देशभर संप झाला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर आसामातल्या एका चहाच्या मळ्यावर त्र्याहत्तर वर्षांच्या डॉक्टरला जमावाने ठार केलं. आयुष्याच्या उतारवयातही मळेकामगारांना तपासत राहिलेला माणूस. त्या वर्षी केंद्राने कडक कायद्याचा मसुदा काढला, तो पुढे सरकला नाही. मग कोविड आला. एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम निघाला आणि आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. ती तरतूद कोणत्या कायद्यात घातली? १८९७ च्याच साथरोग कायद्यात! आर्थर रोडच्या हल्ल्यानंतर तीन महिन्यांनी जो जन्मला, त्याच कायद्याला सव्वाशे वर्षांनी ठिगळ लावलं, आणि तेही साथीच्या काळापुरतं.

कायदा नको, असं आमचं म्हणणं नाही. हवाच. हात उगारणारा दुःखात आहे म्हणून त्याला माफी, हे आम्हाला मान्य नाही. आमच्या पुतण्यालाही नाही आणि आम्हालाही नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरला, नर्सला सुरक्षित वाटलं पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या डॉक्टर मुलीचं जे झालं, त्यात तर नातेवाइकांचा काही संबंधच नव्हता. छत्तीस तासांच्या कामात टेकायला धड खोली नसणं, हीसुद्धा रुग्णालयाने केलेली हिंसाच आहे. निवासी डॉक्टरांचं सलग काम एरवी बारा तासांपलीकडे जाऊ नये, असं केंद्राच्या योजनेत १९९२ पासून लिहिलेलं आहे. ते किती ठिकाणी पाळलं जातं, हे तुमच्या घरातल्या एखाद्या निवासी डॉक्टरला विचारा. झोपेविना तिसावा तास चालू असलेल्या माणसाने जाऊन मरणाची बातमी सांगायची आणि ती नीट सांगायची, ही अपेक्षाच क्रूर आहे.

तर कायदा हवा, रक्षक हवेत. पण ही दोन्ही दाराची मजबुती आहे. दार मजबूत केल्याने बाहेरच्याला आतलं दिसू लागत नाही. १८९७ पासून आपण प्रत्येक वेळी दारच मजबूत केलं आहे.

मग दुसरं काय असू शकतं? त्यासाठी केईएमकडे जाऊ. २७ नोव्हेंबर १९७३. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. कामाच्या जागी झालेल्या हिंसेचं याहून दारुण उदाहरण महाराष्ट्रात नसेल. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर त्या बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या, १८ मे २०१५ रोजी जाईपर्यंत. त्यांना भरवणं, कूस बदलणं, स्वच्छ ठेवणं हे केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. ज्यांनी अरुणांना कधी चालताना पाहिलं नव्हतं, अशा मुलींनी केलं.

पत्रकार पिंकी विराणी यांनी कळकळीने सर्वोच्च न्यायालयाकडे मागणी केली, की आता हा देह सोडवावा. मार्च २०११ मध्ये निकाल लागला. त्याची चर्चा नेहमी दयामरणाच्या अंगाने होते. आमच्या मनात त्यातली वेगळीच गोष्ट राहिली. न्यायालयापुढे प्रश्न आला, की अरुणांच्या वतीने बोलायचं कोणी? आणि न्यायालयाने सांगितलं, तो हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. ज्यांनी इतकी वर्षं रात्रंदिवस सांभाळलं, तेच त्यांचे जवळचे. आमच्या भाषेत सांगायचं तर न्यायालयाने त्या परिचारिकांना आप्त मानलं, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. त्यांना साक्षात ठाऊक होतं, त्या खरं सांगत होत्या, आणि त्या घरच्या झाल्या होत्या.

म्हणजे परका माणूस आप्त होऊ शकतो. त्याला बेचाळीस वर्षं लागली पाहिजेत असंही नाही. त्या विभागात काम करणाऱ्यांशी बोलून, आणि स्वतः बाकावर बसून, आम्हाला काही साध्या गोष्टी सुचतात. दिवसातून ठरलेल्या वेळी, मग बातमी असो वा नसो, एकाच डॉक्टरने एकाच नातेवाइकाशी बोलावं. उभ्याने, दारात नको. बसून, एका खोलीत. अतिदक्षता विभागात लाखोंची यंत्रं असतात. दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या ठेवायला जागा का नसावी? हालत बिघडते आहे हे पहिल्या दिवसापासून सांगावं, नवव्या दिवशी नव्हे. खर्चाचं बोलणं आणि प्रकृतीचं बोलणं एकाच तोंडाने होऊ नये. मरण जवळ आलं असेल, तर घरच्या एकाला उशाशी बसू द्यावं. गाऊन घाला, मास्क घाला, पण बसू द्या. त्याने पाहिलं, तर त्याला सांगावं लागणार नाही. आणि मरणाची बातमी सांगायला सगळ्यात धाकट्याला एकट्याला पाठवू नये. वरिष्ठांनी यावं. धुळ्याचा मुलगा एकटा होता. आमच्यासमोर आलेली मुलगीही एकटीच होती.

आणि आपण, बाहेरचे आप्त? आपल्यावरही दोन अटी आहेत. मुंबईहून येणारा भाऊ, गावाहून येणारे मेहुणे, वस्तीतले कार्यकर्ते, यांच्यापैकी जो नवव्या दिवशी येतो आणि सगळ्यात मोठ्याने बोलतो, त्याला काहीही माहीत नसतं. त्याचा शब्द प्रमाण नव्हे. ज्याला माहीत नाही त्याने बोलू नये, एवढं पथ्य आपण पाळलं तरी निम्मे हात खाली राहतील. २०२० आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातलं घरन्‌घर त्या दाराबाहेर उभं होतं. कोणाला शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. त्या काळात ज्या नर्सनी आपला फोन रोग्याच्या कानाशी धरला आणि घरच्यांना त्याचा आवाज ऐकवला, त्या लोकांना अजून आठवतात. त्यांनी काही दार मोडलं नव्हतं, किलकिलं केलं होतं.

शेवटी पुन्हा आमच्या पहाटेकडे. "तुम्ही मारलंत त्यांना." तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य तपासा. सांगणाऱ्याने काही पाहिलं होतं का? नाही. खरं सांगण्याची त्याची इच्छा होती का? तीही नाही, इच्छा होती ती आपलं दुःख कोणावर तरी टाकण्याची. म्हणजे त्या दाराशी दोघंजण एकमेकांशी बोलले, त्यांत आप्त ती मुलगी होती. ती जाणत होती आणि खरं सांगत होती. आम्ही नुसते नातेवाईक होतो. पुतण्याचा हात नंतर उठला. पहिला घाव आमच्या शब्दाचा होता, आणि त्या घरातला शहाणा माणूस म्हणून त्याने आमचा शब्द प्रमाण मानला. हे आम्ही त्याला पुढे सांगितलं. तो काही बोलला नाही.

त्या मावशींनी आम्हाला खाली जिन्यापाशी गाठून सांगितलं होतं, की डॉक्टरताई पाऊण तास दादांच्या छातीवर दाब देत होत्या, घामाने भिजल्या होत्या, आणि बाहेर येण्याआधी नळाखाली तोंड धुऊन आल्या. महिन्याभराने आम्ही पेढे नव्हे, नुसतेच गेलो, माफी मागायला. ती मुलगी तिथलं काम सोडून गेली होती. कुठे, ते कोणी सांगितलं नाही. मावशींची पाळी दुपारची होती, त्या भेटल्या. त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्या मागे सरकल्या, म्हणाल्या, "सर, चहा घेतलात का?"

त्या मुलीला कधी हे ऐकायला मिळेल की नाही ठाऊक नाही. मिळालं, तर ही आमची माफी.

आता प्रश्न घेऊ. डॉक्टर मंडळी बसली असतील, तर त्यांनी आधी विचारावं.